अक्कासाठी केलेली कडी

लातूर, ४ जानेवारी २०२५

ती. सौ. महादेवीअक्कास,
धाकट्या संगमेशचा शि. सा. न. वि. वि.

गालातला तुकडा तपासायला पाठवला, टाके पडले आणि डॉक्टरांनी तुझं बोलणं बंद केलं, हे दाजींनी फोनवर सांगितलं. तू बोलणार नसशील तर फोनला काय अर्थ? म्हणून कित्येक वर्षांनी पत्र लिहायला बसलोय. रिपोर्टला दहा-बारा दिवस लागतील म्हणे. मन थाऱ्यावर नाही.

मिश्रीची डबी दाजींनी लपवलीय, पण तुझा हात दिवसभर कनवटीला जातो, असंही कळलं. हाताला काम पाहिजे. म्हणून माझ्या ग्रिलच्या दुकानात उरलेल्या जाड तारेचं हे कोडं केलंय. दोन तारा नालासारख्या वाकवल्या, टोकांना गोल डोळे करून ते एकमेकांत गुंतवले, मधे कडी अडकवली आणि सांध्यांना डाग दिला. जोर न लावता कडी बाहेर काढायची. तलफ आली की हेच हातात घे.

लोभ आहेच. माझ्यावर रागवायला तुझं तोंड उघडेपर्यंत तो असाच राहू दे.

तुझा,
संगमेश


नांदेड, ९ जानेवारी

चि. संगमेश यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पार्सल मिळालं. दोन दिवस झाले, कडी काही निघंना. तुझे दाजी पक्कड घेऊन आले, त्यांना हातानंच हाकललं. सून मंजुश्री म्हणाली, मोबाइलवर बघून काढून देते. मी पाटीवर लिहिलं, खबरदार!

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. डबी पिठाच्या डब्यामागं आहे, हे मला ठाऊक आहे. उठलेही होते. मग म्हटलं, एकदा ही कडी निघू दे, मग बघू. दिवेलागण झाली तरी निघाली नाही.

तुला म्हणून सांगते, लई भ्या वाटतंय. आईचंही असंच गालापासून सुरू झालं होतं. मी मनाशी कौल लावलाय, रिपोर्ट यायच्या आत कडी निघाली तर सगळं चांगलं होणार.

घरच्यांना सांभाळ. अक्काला विसरू नकोस.

तुझी,
अक्का


लातूर, १३ जानेवारी

ती. सौ. अक्कास, सा. न.

तुझं पत्र परवा मिळालं. आज सकाळी लिंगपूजेला बसलो. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, नजर त्याच्यावर, आणि मन तुझ्या कडीपाशी. तिथंच ध्यानात आलं. अक्का, ती कडी कधीच निघणार नाही.

सगळे सांधे आधी जोडायचे आणि कडी मागून युक्तीनं आत न्यायची, अशी रीत आहे. ज्या वाटेनं आत जाते, त्याच वाटेनं ती बाहेर येते. तुझ्या काळजीत मी कडी आधीच आत ठेवली आणि डाग देऊन वाट बंद केली.

तू तिच्यावर कौल लावून बसलीस, म्हणून लगेच लिहितोय. चूक माझ्या हाताची आहे, तुझ्या नशिबाची नाही. देव असल्या तारेत उत्तर देत नसतो. आणि आईनं ते दुखणं दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तू पंधरा दिवसांत दाखवलंस.

ते कोडं फेकून दे. मला मात्र पदरात घे.

तुझा अपराधी,
संगमेश


नांदेड, १७ जानेवारी

चि. संगमेश यास आशीर्वाद, आणि त्यासोबत एक धपाटाही.

रिपोर्ट बुधवारी आला. कॅन्सर नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तुझ्या दाजींनी तिसऱ्यांदा विचारलं. पण आतल्या कातडीत बदल सुरू झालाय. मिश्री पुन्हा लावली तर पुढच्या खेपेला अशी बातमी मिळायची न्हाई, असं डॉक्टरांनी बजावलंय. टाकेही काढले. सगळे म्हणाले, बोला आता. मला रडूच आलं.

घरी आले तर तुझं पत्र! वाचलं, आणि इतक्या दिवसांत तोंडातून पहिली निघाली ती तुझ्या नावानं शिवी. इतकी मोठ्यानं, की दाजी न्हाणीतून पळत आले. म्हणाले, आणखी दे, पंधरा दिवस घर मुकं होतं.

राग उतरल्यावर वाटलं, त्या दुपारी कडी निघाली असती, तर मी थेट पिठाच्या डब्यामागं हात घातला असता. डबी काल माझ्या हातानं उकिरड्यावर रिकामी केली.

तलफ सहा महिने तरी छळेल म्हणतात. तेव्हा आणखी एक कोडं करून पाठव. ते सुटणारं आहे का नाही, हे मात्र कळवू नकोस.

तुझी,
अक्का