फाटकाबाहेरचं रेगे

फरीदाबाद, ८ नोव्हेंबर १९९३
ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.
कारखान्याची टाळेबंदी उठलेली नाही. नवी यंत्रं येणार म्हणून चारशे कामगारांना घरी बसवायचं ठरलंय. एकोणीस दिवस ते फाटकाबाहेर बसून आहेत. आम्हा ड्रॉइंग ऑफिसवाल्यांना तेवढं आत सोडतात.
सुटल्यावर मी त्यांच्यात बसून गाते. जमैकातल्या गरिबांनी आपली गाऱ्हाणी ज्यातून मांडली, ते रेगे संगीत कॅसेटवर ऐकलं आणि त्या चालीवर हिंदी शब्द बसवले. चाल संथ, पण मान ताठ. पॅकिंगमधली लतिका डब्यावर ठेका धरते.
काल मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. कामगारांनी पहारेकऱ्याला दगड मारले, पहिला लतिकाने, हे मी खिडकीतून पाहिलं असं लिहून हवंय. मी पाहिलं ते एवढंच, की तो शिडीवरून घसरून जखमी झाला. बावीस तारखेपर्यंत सही केली नाही तर नोकरी जाईल. बाबांना सांगू नकोस.
माया असू दे.
तुझी स्वरूपा

मिरज, १३ नोव्हेंबर
चि. स्वरूपास अनेक आशीर्वाद.
पत्र नेमकं बाबांच्याच हाती पडलं. वाचलं आणि भरल्या ताटावरून उठले. रेगे म्हणजे मला आधी आपले पोस्टातले रेगेच वाटले! पण हसू टिकलं नाही. अगं, तिथे तुझं आहे कोण? गाणं थांबव, घरी ये. सहीचं मात्र काय सांगू? लतिकाला मुलं आहेत का गं?
तुझी काळजी करणारी,
आई

फरीदाबाद, २३ नोव्हेंबर
ती. सौ. आईस सा. न.
लतिकाला दोन मुली आहेत. मी सही केली नाही.
काल दुपारी पोलीस आले. साहेबांनी लतिकाकडे बोट दाखवलं आणि पोलिसांनी तिला धरलं. माणसं चवताळून उठली. एकाने जरी दगड उचलला असता तर लाठ्या चालल्या असत्या.  मी गायला लागले, नेहमीपेक्षाही संथ. एकेक जण खाली बसला. मग खिडकीतून जे पाहिलं होतं ते इन्स्पेक्टरला सांगितलं. इस्पितळात पहारेकऱ्यानेही तेच सांगितलं. संध्याकाळी लतिका सुटली. माझी नोकरी गेली. टाळं अजून आहे, म्हणून मी येत नाही. बाबांना म्हणावं, रागावू नका.
स्वरूपा

मिरज, २९ नोव्हेंबर
चि. स्वरूपास आशीर्वाद.
पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते चपला घालून निघून गेले. मला वाटलं, संतापले. तासाभराने आले ते दिल्लीची दोन तिकिटं घेऊन. म्हणाले, पोरगी रस्त्यावर बसलीये आणि आपण इथे काय करतोय.
रविवारी निघतो. फाटकाशी बसायला सतरंजी लागेल का, कळव. नाही कळवलंस तरी आणतोच.
तुझी आई