दगडावरचं आठवं नाव

५ जानेवारी
आले एकदाची पनवेलला. खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. नळाला दोन्ही वेळ पाणी आहे आणि मालकीणबाई चौकशा कमी करतात. आईने सांगलीहून चटण्यांच्या इतक्या बरण्या बांधून दिल्यात, जणू इकडे माणसं उपाशीच राहतात. लोकलढ्यांचं हे नवं संग्रहालय मला बघताक्षणी आवडलं. तीन दालनं आहेत: जंगल सत्याग्रह, आणीबाणी आणि जमिनीचं आंदोलन. ट्रस्टचे सचिव धनेशदादा बोलके आहेत. आजोबा मिठागरात राबले आणि नातू बिल्डर झाला, हे स्वतःच हसत सांगतात. सगळा मजकूर मी लिहायचा. सव्वीस तारखेला उद्घाटन.

७ जानेवारी
अंगणात काळ्या दगडाचा स्तंभ उभा राहतोय. १९३० साली इथल्या डोंगरात सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आठ माणसं गेली. सरकारी कागदात पाच नावं आहेत आणि खाली ‘व इतर तीन कातकरी’. वाचून चीडच आली. मेल्यावरही त्यांना इतरांतच बसवलं. धनेशदादांना सांगून टाकलं, स्तंभावर आठ नावं येतील नाहीतर मी मजकूर देणार नाही. नव्या माणसाने एवढा तोरा दाखवू नये, पण दाखवला.

९ जानेवारी
आमचा वॉचमन सुशांत त्या कातकऱ्यांच्याच वाडीतला आहे. त्याने मला त्याच्या आजीकडे, साळूबाईंकडे नेलं. म्हातारीला दोन नावं पाठ होती, जैतू आणि सुदाम. तिसरा त्यांच्या वाडीचा नव्हता. त्या दिवशी वरच्या डोंगरातून आला, गर्दीत शिरला आणि गोळी लागून गेला. नाव विचारायचं राहून गेलं. दरवर्षी तिघांसाठी भात वाढतात, दोघांना नावाने हाक मारतात आणि तिसऱ्याच्या पानाशी गप्प बसतात. ‘त्याची वळ मोकली ठेव, बाय,’ म्हणाल्या, म्हणजे दगडावर त्याची ओळ रिकामीच ठेवायची. खोटं नाव दिलं तर तो देणाऱ्याकडे येतो म्हणे. मी मान डोलावली. चहा फार छान होता.

१३ जानेवारी
धनेशदादा म्हणतात, पाहुण्यांसमोर रिकामी ओळ म्हणजे आमचीच चूक वाटेल. काहीतरी घाला. मी दोन दिवस वाद घातला. आज दगड कोरणारा कारागीर हातावर हात ठेवून बसला होता, तेव्हा चिठ्ठीवर ‘काळूराम’ लिहून दिलं. कुणाचं काय बिघडणार आहे? एका माणसाला नाव मिळालं, एवढंच.

१६ जानेवारी
हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं तर पडद्यावर आलं ‘काळूराम’. ही नक्की सुशांतची चेष्टा. त्याने शपथ घेतली. मीही हसण्यावारी नेलं.

१८ जानेवारी
आईला फोन केला. ‘कोण बोलतंय?’ म्हणाली. मी प्राची, प्राची म्हणत राहिले. तिने बाबांना हाक मारली, कुणीतरी पुरुष बोलतोय म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलत नाही. खूप रडले.

२० जानेवारी
डाव्या खांद्याखाली गोल डाग आहे. दुखत नाही, फक्त गार लागतो. पहिल्या दालनात ओल्या लाकडाचा वास येतोय. तिथे लाकूड नाही, नुसते फोटो आहेत.

दुपारी वाडीवर गेले. साळूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. नाव कुणी दिलं, एवढंच विचारलं. मी दिलं, म्हटलं. मग म्हणाल्या, त्याला नाव गावलं, आता तो तुझ्याशी जागा बदलतोय. आठ जणांची नावं चारचौघांत मोठ्याने वाचली की बदल कायमचा. ‘त्याच्या आधी दगडावरनं काढ. मंग कायपन होनार नाय.’

सव्वीसला शाळेची मुलगी माईकवरून नावं वाचणार आहे. ते मीच ठरवलंय.

२३ जानेवारी
धनेशदादांच्या केबिनमध्ये शिरले, नाव काढू द्या म्हणाले. त्यांनी सुशांतला बोलावलं आणि हा माणूस आत कसा आला, विचारलं. हा माणूस. सुशांत माझा दंड धरून फाटकापर्यंत आला. फाटकाशी हळूच ‘ताई’ म्हणाला. त्याला दिसतंय — थोडं तरी दिसतंय.

२५ जानेवारी, दुपार
सगळे जेवायला गेल्यावर सुशांतने फाटक उघडलं. छिन्नी त्यानेच दिली. ‘काळूराम’ पार काढलं. धूळ पुसली.

खाली अक्षरं आहेत. कोरलेली, जुनी, शेवाळ धरलेली. प्राची शेंडगे.

पुन्हा घाव घातले. तेच. आणखी खोल, तेच.

संध्याकाळ
मालकीणबाईंनी खोलीला नवं कुलूप घातलंय. बाल्कनीत कुणीतरी उभी आहे. माझा निळा ड्रेस. फोनवर बोलतेय — आई, जेवलीस का — माझ्याच आवाजात —

२६ जानेवारी
मांडव भरलाय. मी स्तंभापाशी आहे. ओरडले. पुढच्या रांगेतल्या बाईने नुसता पदर सावरला. सुशांतला हाक मारली, तो माझ्यातून पलीकडे बघतोय. आता त्यालाही नाही —

ती स्टेजवर बसलीय. धनेशदादा तिची ओळख करून देतायत. टाळ्या.

मुलगी उठली. माईकची वायर ओढली, निघत नाही, हात आरपार —

पाच नावं झाली. प्रत्येक नावाला सगळे म्हणतायत, अमर रहे.

जैतू. अमर रहे.

आई गं, मी इथे —

सुदाम. अमर रहे.

मुलगी कागदावर वाकली. श्वास घेतला. प्रा