अमेरिकेतल्या बाळाचं केडगावातलं उष्टावण

आई,

आज शनिवार, १४ डिसेंबर १९९६. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी बूथमधला फोन स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होतो. रोज एकदा पुसतो, आज दोनदा पुसला, कारण त्याच्यासमोर सहा महिन्यांचं बाळ बसणार होतं आणि त्याच्या तोंडात पहिला घास मी घालणार होतो. तुला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून आधी हे सांगायला हवं की केडगावात पुणे रस्त्याला आता माझा टेलिफोनचा बूथ आहे. लोक इथून बाहेरगावी फोन करतात. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांचे फोन इथे येतात, मी त्यांना हाक मारून आणतो आणि मिनिटाला दोन रुपये घेतो. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला याहून बरं काम मिळालं नसतं.

बाळ आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या तात्यांच्या मुलीचं. तिला तू सव्वा महिना पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतंस, तीच. मी तिला ताई म्हणतो. लग्न होऊन ती अमेरिकेत गेली, दोघंही कॉम्प्युटरच्या कंपन्यांत आहेत. जूनमध्ये मुलगा झाला आणि सहा आठवड्यांनी ती कामावर हजर झाली. ते सहा आठवडेसुद्धा बिनपगारी, कंपनीने उपकार केल्यासारखे दिलेले. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली, म्हणून तात्यांना दोनदा विचारलं. चूक नव्हती. पाळणाघराला ताईचा निम्म्याहून जास्त पगार जायचा. बाळाला दोन महिन्यांत तीनदा ताप आला. ताप असला की पाळणाघर मूल घेत नाही, आणि कंपनी म्हणते रजा शिल्लक आहे तेवढीच मिळेल. शेवटी ती दसऱ्याच्या आधी बाळाला घेऊन इकडे आली, उरलेली दहा दिवसांची रजा इथे संपवली आणि दसऱ्याच्या दिवशी बाळ आजीच्या मांडीवर ठेवून परत गेली.

मला तुझा एक दिवस सारखा आठवतो. मी नऊ वर्षांचा असेन. वेशीजवळच्या एका झोपडीत तू बाळंतिणीचं अंग चोळते आहेस, चुलीवर पाणी उकळतंय, आणि मी दप्तर घेऊन दारात उभा राहून म्हणतोय, "आई, चल की लवकर, घंटा झाली." तू मागे वळून पाहत नाहीस. तेलाचा हात तसाच ठेवून म्हणतेस, "सव्वा महिना बाळंतिनीकडं कुनी घाई मागायची न्हाई. तू असू दे, न्हाईतर तिचा मालक असू दे." मी एकटाच शाळेत गेलो. आणि त्याच आठवड्यात तिचा मालक, म्हणजे ज्याच्या रानात ती मजुरीला जायची तो, खरंच आला. त्याचा कांदा खुरपायचा होता, बाई बारा दिवसांची ओली बाळंतीण होती. तू त्याच्या ओट्याशी जाऊन उभी राहिलीस.

"मालक, कांदा थांबंल पंधरा दिस. ही न्हाई थांबायची, मरंल."

"तुझ्या बापाचा कांदा हाय का गं?"

"माज्या बापाचा असता तर म्याच खुरपला असता. हिला हात लावू दिला नसता."

त्यानंतर त्या घरातलं बाळंतपणाचं काम तुला कधी मिळालं नाही. आणि ती बाई तेराव्या दिवशी खुरपायला गेलीच, कारण घरात पीठ नव्हतं. मला वाटलं तू तिच्यावर चिडशील. तू एवढंच म्हणालीस, "भुकेनं उठली ती. तिला काय बोलायचं." हे मला कळतं. ताईच्या घरात पीठ आहे. मग तिला अंथरुणातून कोणी उठवलं, हे मी महिनाभर शोधतोय आणि मला कोणाचं तोंड सापडत नाही. ओट्याशी जाऊन भांडावं असा मालकसुद्धा त्या देशाने समोर ठेवलेला नाही. नियम आहे म्हणतात.

तिकडून फोटो आले होते. दोन गाड्या छपराखाली. बाळाची वेगळी खोली, फिकट पिवळा रंग, लाकडी पाळणा, वर टांगलेले कापडी हत्ती. आपलं सगळं घर त्या खोलीत मावलं असतं. काकूंनी, म्हणजे बाळाच्या आजीने, फोटो नीट पाकिटात परत घातले आणि म्हणाल्या, "खोली लई ग्वाड हाय. पोरगं तेवढं न्हाई तिच्यात." गाडीला छप्पर देणारा आणि तान्ह्या मुलाला आई न देणारा देश श्रीमंत कसा म्हणायचा? मला शिसारी येते, आई. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही.

ताई परत गेल्यावर पहिल्या फोनला बाळ इथे भुकेने रडत होतं. तिकडे ती एकदम थांबली, मग म्हणाली, "आई, माझे कपडे भिजले गं." काकूंनी रिसीव्हर कानाला दाबून धरला, पण मला ऐकू आलंच. ऑफिसच्या संडासात उभं राहून ती दूध पिळायची आणि बेसिनमध्ये सोडून द्यायची. इथे काकू डब्यातली पावडर कोमट पाण्यात कालवत होत्या. त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही.

आज सात वाजता फोन आला. तिच्याकडे अजून शुक्रवारची रात्र होती. उष्टावणाचा पहिला घास मामाने भरवायचा. ताई एकुलती एक, म्हणून तात्यांनी मामा मला केलं. फोनचं स्पीकरचं बटण दाबून ठेवलं.

"कोण भरवतंय?" ताईने विचारलं.

काकू म्हणाल्या, "तुजा ह्यो बूथवाला भाऊ. चमचा असा धरलाय, जनू इंजेक्शनच द्यायचंय."

ताई हसली. मी खीर बाळाच्या ओठांना लावली. त्याने तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून चाटलं, मग गिळलं.

"खाल्लं का? मला काही ऐकू नाही आलं."

"ताई, गिळताना आवाज होत नाही."

"रडला पण नाही?"

"नाही."

"मग मला कसं कळणार?"

काकूंनी बाळाच्या हनुवटीवरची खीर पदराने पुसली. तात्यांना वाटलं लाईन कट झाली, ते हॅलो हॅलो करायला लागले. मग जावईबापू बोलले, अगदी समजुतीच्या आवाजात. म्हणाले, पाच वर्षांचा झाला की घेऊन येऊ, इथल्या शाळा फुकट असतात आणि फार चांगल्या असतात. म्हणजे बाकावर बसता यायला लागलं की तो देश त्याला फुकट घेणार. तोवर त्याची मान धरायची, त्याचे दात, त्याचे ताप, सगळं केडगावने करायचं.

बाळाने लंगोट ओला केला, म्हणून काकू आणि तात्या त्याला घेऊन बाहेर गेले. मी फोन ठेवणार, तेवढ्यात ताई परत बोलली. "ते गेले का बाहेर? मग तू खरं सांग. मी नोकरी सोडून त्याला घेऊन जाऊ का? घर विकावं लागेल, ह्यांना ते नको आहे. आई-बाबांना विचारलं तर ते राहू दे म्हणतात. तुझी आई असती तर काय म्हणाली असती?"

तू काय म्हणाली असतीस हे मला शब्दाशब्दाने माहीत होतं. घर इक आणि पोर ने. मी म्हणालो, "ताई, बाळ इथे मजेत आहे. तुम्ही काळजी करू नका."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

आता सव्वा अकरा झालेत. तिचा नंबर माझ्या वहीत आहे, फोन हाताशी आहे, मी लावलेला नाही. बाळ इथे आहे तोवर तिचे आठवड्याला दोन फोन येतात, प्रत्येकी पाऊण तासाच्या आसपास. बूथचं महिन्याचं भाडं त्यातच निघतं. ती बाळ घेऊन गेली की महिन्याला एखादा फोन येईल. हे मी नंतर बसून मोजलेलं नाही, आई. तिने विचारलं आणि मी उत्तर दिलं, त्या दोन्हींच्या मध्ये माझ्या डोक्यात हा आकडा येऊन गेला होता.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात ठेवीन.

मामाकडून चांदीचा चमचा, एकशे चाळीस रुपये. सोनाराला दिले शंभर, देणे चाळीस. आजचा फोन अडतीस मिनिटं, शहात्तर रुपये, तात्यांकडून रोख घेतले. त्यातली शेवटची चार मिनिटं ताई माझ्याशी बोलत होती. तीही धरली आहेत.