भाऊबीजेचं ग्रिल

॥ श्री स्वामी समर्थ ॥
सीवूड्स, २० मे २०२५

चि. सुधीर यास अरुणाताईचे आशीर्वाद.

तुझ्या माणसाबरोबर पाठवलेला पेढ्यांचा पुडा आणि कोटिंगचा डबा मिळाला. पेढे सासूबाईंना चालत नाहीत. डबा फुकट म्हणालास, पण रिक्षाचे साठ रुपये त्याने माझ्याकडून नेले. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते.

गुरुवारी सकाळी सासूबाई गॅलरीत सूर्याला अर्घ्य देत होत्या. नेहमीसारखा डावा हात ग्रिलवर. तळाच्या पट्ट्या सुटल्या आणि ग्रिल बाहेर झुकलं. तांब्या तीन मजले खाली गेला. मी टॉवेल घेऊन मागे उभी होते म्हणून त्यांचा पदर हाती आला आणि त्या वाचल्या. सासूबाई अजून बोलत नाहीत, नुसत्या जपमाळ ओढतात.

हे तुझं भाऊबीजेचं ग्रिल, ओवाळणी म्हणून तू गंज न धरणारं कोटिंग मारलेलं. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात दहा वर्षं गंजणार नाही म्हणाला होतास. पाणी मोत्यासारखं घरंगळायचं, ते मी शेजारणींना बोलावून दाखवलं. काल नखाने कोटिंग सोललं. वर चकचकीत साल, आत विटकरी भुगा. त्या दिवशी सणाचं म्हणून मी ग्रिल धुतलं होतं. जरा सुकू दे म्हटलं, तर ओवाळणी उद्यावर टाकत नाहीत म्हणालास आणि ओल्यावरच मारलंस. तुझ्या कोटिंगने बाहेरचं पाणी आत येऊ दिलं नाही, तसं आतलं बाहेरही जाऊ दिलं नाही.

माझ्या शब्दावर बालवाडीच्या गीतांजलीबाईंनी तिथला लोखंडी जिना तुला कोटिंगसाठी दिला. अक्षय्य तृतीयेला बायकांनी तो पूजेसाठी धुतला, तू नारळ फोडलास आणि लगेच ब्रश लावलास. जूनमध्ये मुलं येतील. त्याआधी तो खरवडून दे. कधी येतोस ते कळव.

तुझी ताई,
अरुणा


पावणे, २४ मे २०२५

ती. सौ. अरुणाताईस सुधीरचा सा. न.

पत्र पोचलं. तुझ्या सासूबाईंचं ऐकून वाईट वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. पण ताई, सगळं माझ्यावर टाकू नकोस. तुझं ग्रिल आधीच जुनं. शिवाय तुझा हात मला माहीत आहे, देवाची भांडी घासताना उरलेली चिंच ग्रिललाही लावली असशील. असल्या घासण्यापुढे कुठलं कोटिंग टिकणार?

जिन्याचं टेन्शन घेऊ नकोस. दिवाळीत माणूस पाठवून बघतो. आत्ता खरवडलं तर आपलं काम फसलं हे सगळ्या सेक्टरला कळेल, आणि मोठ्या रेलिंगची ऑर्डर याच जिन्यावर अडली आहे. ऑर्डर देणारी पार्टी जिना पाहून गेली, खूश होती. गीतांजलीबाईंकडे एवढ्यात काही बोलू नकोस. भावासाठी एवढं कर.

धाकट्यावरचा राग फार दिवस ठेवू नकोस.

तुझा,
सुधीर


॥ श्री स्वामी समर्थ ॥
सीवूड्स, २७ मे २०२५

सुधीर,

आशीर्वाद लिहायला आज हात होत नाही.

चिंच मी तांब्यापितळेला लावते, लोखंडाला नाही. आईने आपल्याला एकाच मोरीवर भांडी घासायला बसवलं होतं, तू विसरलास. आणि भावासाठी एवढं कर म्हणतोस, ते एवढं म्हणजे काय, ते एकदा स्वतःशी मोठ्याने म्हणून बघ. चार वर्षांची पोरं जिना उतरताना कठड्याला लोंबकळतात. तुझी पार्टी लोंबकळली नव्हती, लांबून बघून गेली.

तुझं पत्र घेऊन मी तशीच गीतांजलीबाईंकडे गेले. त्यांनी वाचलं, मग आम्ही दोघी जिन्याशी गेलो. दुसऱ्या पायरीपाशी कोटिंगला फोड आला आहे. मी केसातली पिन टोचली, तर तांबूस पाणी आलं. अजून महिना झाला नाही. 

जिन्याच्या फाटकाला कुलूप लावलं आहे. किल्ली माझ्या देवघरात, स्वामींच्या तसबिरीमागे. तुझी ऑर्डर जाणार असेल तर जाऊ दे. मी तिच्यासाठी नवस बोलले होते, तो आज मागे घेतला.

सासूबाई काल पहिल्यांदा बोलल्या. सुधीरला रागावू नकोस म्हणाल्या. अर्घ्य आता मोरीत देतात, गॅलरीत पाऊल टाकत नाहीत. रागावण्याबाबत मात्र मी त्यांचं ऐकायला तयार नाही.

तुझा डबा या पत्राबरोबर परत पाठवते आहे, झाकण उघडलेलं नाही. येताना आधी तारेचा ब्रश आण. पट्टी गंजाने खाल्लेली दिसली तर कापून नवी जोडायची. मग जिना उन्हात पुरता वाळू दे, आणि तोवर नारळ, हळदकुंकू, पाण्याचा थेंब, काही नको. माझ्याकडे जेवायला ये. माझा भाऊ आहेस, उपाशी पाठवणार नाही. पण ताटावर बसशील तो जिना खरवडून झाल्यावर.

कधी येतोस ते उलट टपाली कळव. मुहूर्त बघू नकोस.

अरुणा