मोरीतला दगड

माघ शुद्ध ३, सन १३२१ फसली
सकाळी चकलांब्याहून बैलगाडीने या गावात पोहोचलो. बायको दानम्मा वाटभर कुरकुरली, पण घर पाहून खूश झाली. आमच्या पोरीने, मल्लम्माने, उतरल्याबरोबर ओसरीचे खांब मोजले. चाराच्या पुढे तिला येत नाही, म्हणून सहा खांबांचे चारच झाले. सरकारने मला सफाईचा दरोगा करून धाडलं आहे ते सांडपाण्यासाठी. इथल्या मोऱ्यांचं पाणी बारवेत उतरतं आणि तेच लोक पितात. दर उन्हाळ्यात पटकी ठरलेली. यंदा ती येऊ द्यायची नाही.

फाल्गुन वद्य ८
दगडी नाली पुरी झाली. सगळ्या मोऱ्यांचं पाणी आता वेशीबाहेरच्या खड्ड्यात जातं आणि वाळू-कोळशातून गळून निवळ निघतं. त्यावर वांगीसुद्धा लावली. गावाला नमुना म्हणून माझ्या अंगणात फरशी बसवून घेतली.

एकच भानगड आहे. इथे कुणी गेलं, की प्रेताच्या आंघोळीचं पाणी अंगणातच खड्डा करून जिरवतात. माशा होतात म्हणून मी मनाई केली, ते पाणीही नालीतच सोडायचं. शेजारचे आश्रुबा समजवायला आले. म्हणाले, "दरोगासाब, ते पानी घरच्या मातीत जिरलं की जीव निवतो. नालीत सोडलं तर मेलेलं मानूस घर हुडकीत फिरतंय, आन् त्याला घर वळखू येत न्हाई." मी हसलो. म्हातारा दुखावला, याचं मागून वाईट वाटलं.

चैत्र शुद्ध ५
आश्रुबांची बायको बायनाबाई गेली. मी स्वतः उभा राहून पाणी नालीत सोडायला लावलं. आश्रुबा वाहत्या पाण्याच्या बाजूने खड्ड्यापर्यंत चालत गेले.

चैत्र शुद्ध ८
भर दुपारी नालीच्या काठाने ओली पावलं, खड्ड्याकडून वर आलेली. दर मोरीपाशी थांबलेली. पलीकडच्या घरची सुंदरबाई सांगते, तिच्या मोरीतून बायनाबाईने विचारलं, हे माझंच घर का. आश्रुबा आपल्या मोरीपाशी बसून हाका मारतात. ती त्यांनाही तेच विचारते आणि पुढे जाते.

चैत्र शुद्ध ९
मल्लम्मा मोरीजवळ खेळत होती. मोरीतून सुरकुतलेला ओला हात बाहेर आला. भ्यालो, सरळ लिहितो. मोरीत दगड ठोकून बसवला.

चैत्र वद्य २
मल्लम्माला ताप. हकीम नाडी बघून औषध न देताच उठला.

चैत्र वद्य ५
गेली. चार वर्षांची.
अंगणात खड्डा करायला निघालो. फरशी हलेना— मीच पक्की बसवलेली. पहार आपटत होतो तोवर पाणी उताराने दारातून नालीत— हातांनी अडवलं. बोटांतून गेलं.

चैत्र वद्य ७
लहान पावलं. सुंदरबाईच्या मोरीतून 'आप्पा' अशी मला हाक मारली. आमच्या दारावरून तशीच पुढे— दगड आहे ना मोरीत.

चैत्र वद्य ८
दानम्मा माहेरी गेली. गावकरी उद्या सांजेला खड्डा दगडांनी बुजवणार. मग खालून कुणीच येणार नाही. सगळे सुटतील. माझी पोर तिथेच राहील, अंधारात—
आश्रुबा आले होते. दोष दिला नाही. नुसते शेजारी बसले.

चैत्र वद्य ९
दुपार. दगड काढला. डावा हात मोरीत, उजव्याने लिहितो.
हाका मारतो आहे.
पावलं थांबली—
बोटं. लहान. गार. हे माझं घर का, विचारते. हो म्हणालो. तिला पटत नाही—
माझी बोटं मोजते आहे. एक. दोन.
आत येत नाही. ओढते आहे. खांदा मोरीला टेकला— हात सोडवत नाही मला. सोडवायचा नाही.
दानम्मा, ती एकटी नसेल—
तीन. चार.
थांबली. पुढचं तिला येत नाही. मी सांगतो आहे, बाळा, पा—