जुन्या साखरेच्या खुणा

३ ऑगस्ट, केज
नामाची तीन महिन्यांची साखर ६.४. सलग सातवे वर्ष सातच्या खाली. निवृत्त झाल्यापासून धाकट्या भावाचे पथ्य, गोळ्या, चालणे, सगळे मी हाती घेतले आहे. इतका निर्दोष आलेख माझ्या पाहण्यात दुसरा नाही.
अहवाल हातात असतानाच युसूफ वडगावहून त्याचा फोन. "अक्का, उजव्या डोळ्यापुढं काजळी पसरल्यावानी झालंय. पुसली तरी जाईना."
तसेच लातूर गाठले. डोळ्यांत थेंब, दोन तास बाकावर. उजव्या डोळ्यात आत रक्तस्राव. त्या डोळ्याने त्याला आता फक्त उजेड कळतो. डाव्याच्या पडद्यावरही नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवलेल्या. डॉक्टरांदेखतच विचारले, "काय खातोस चोरून?"
जमिनीकडे बघत म्हणाला, "खाल्लं असन कधीतरी."
माझा तर्क खरा ठरला. समाधान वाटले, हेही नोंदवून ठेवते.

५ ऑगस्ट, युसूफ वडगाव
स्वयंपाकघर तपासले. फळी, कोठी, देवघरामागचा कोनाडा. भावजय सुमन चुलीशी बसून बघत होती. "वन्सं, गुळाचा डबा हाय, बंदूक न्हाई. इतकं हळू कावून उघडताव?"
काही सापडले नाही. म्हणजे बाहेर खातो. नामाला समोर बसवून यादी करायला घेतली.
"लिही, दोन पेढे."
"कुठे खाल्लेस?"
"कुठं असतेत, ते तूच सांग."
अशा माणसाला सुधारणे म्हणजे…

१० ऑगस्ट, लातूर
डाव्या डोळ्यात पहिले इंजेक्शन. डॉक्टर तरुण, अक्षर गचाळ. मी नामाच्या साखरेची वही पुढे केली. आलेखावरून नजर फिरवून ते म्हणाले, "मॅडम, आताची साखर छान आहे. हे जुन्या साखरेचं काम आहे."
एकतीस वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले आहे, असे सांगितले. "हो मॅडम," म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.
उद्धट.

१४ ऑगस्ट, केज
चार दिवस वाचन. डॉक्टरांचे बरोबर होते. हे वाक्य लिहायला जड गेले.
जनुक तोच राहतो. त्यावर चिकटणाऱ्या रासायनिक खुणा बदलतात. कोणत्या जनुकाने बोलायचे आणि कोणत्याने गप्प बसायचे, हे त्या ठरवतात. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींवर अशा खुणा बसतात, संरक्षण करणारी जनुके गप्प होतात. पुढे साखर उतरते, अहवाल सुधारतो. खुणा पुष्कळदा तशाच राहतात, आणि पेशी जुन्याच हुकमाने चालत राहते. (एपिजेनेटिक्सला 'अधिजनुकीय' हा शब्द चालेल. 'परा-' लावलेला नको.)
साखर आवरल्याचा फायदा होतोच. तो किती, हे आधीच्या वर्षांवर अवलंबून. वर्गात मी काय सांगत असे? साखर आवरा, डोळे वाचतील. फळ्यावर, अधोरेखित करून.
खुणा पुसणारे औषध? उंदरांवर प्रयोग चालू आहेत. नामापर्यंत पोचेल असे आज काही नाही.
आणि त्याची आधीची वर्षे कशी गेली, हे मला ठाऊक नाही. ठाऊक असायला हवे होते.

१७ ऑगस्ट, युसूफ वडगाव
नामा रानात गेलेला. सुमन मूग निवडत होती, तिला विचारले. दोघे नवराबायको बारा हंगाम ऊस तोडायला जात होते. तिसऱ्या हंगामात कारखान्यावरच्या आरोग्य शिबिरात त्याच्या रक्तात साखर निघाली.
"गोळ्या दिल्त्या की. पर पहाटं तीनला फडात, पोटात नुस्ता चहा. गोळी खाल्ली की हात कापायचे ह्यांचे, कोयता सुटायचा. एकदा पायावर आला. मंग मीच म्हनले, कारखाना बंद होईस्तोर ऱ्हाऊ द्या, गावाकडं गेल्यावर खावा."
"दर वर्षी?"
"दर वर्षी. टोळीत समदेच तसं करायचे. बीपीवाले बी."
सहा महिने गोळ्या, सहा महिने काही नाही. उसाचा रस मात्र हवा तितका. आणि त्या बारांतले पहिले पाच हंगाम माझ्या पीएच.डी.चे. मी शिकावे म्हणून तो घर सोडून फडात गेला, हे मी कधी लपवलेले नाही. निरोप समारंभाच्या भाषणात सांगितलेही, टाळ्यांसाठी थांबून. गोळ्यांचे कधी विचारले नाही.
सुमन खाली बघूनच म्हणाली, "माझ्यामुळं झालं का वन्सं?"
नाही म्हणाले. शास्त्राला धरून उत्तर 'काही अंशी' असे होते.

२१ ऑगस्ट, युसूफ वडगाव
नामाला सगळे समजावले. तासभर. शेवटी म्हणाला, "म्हंजे चोपन रानावानी. कालव्याचं पानी तोडलं तरी खार वर ऱ्हातोच."
उपमा सदोष आहे. माझ्याजवळ याहून चांगली नाही.
"मंग पेढे म्या खाल्लेच न्हाईत?"
"नाहीत खाल्लेस."
"तू म्हनलीस तवा मला बी वाटाया लागलं, खाल्ले असतेल." हसला. सुमनही हसली. मला हसता आले नाही; त्याची माफीही मागता आली नाही.
थोड्या वेळाने, "हे लेकीला जातं का?" त्याची मुलगी रेखा, कडा गावी दिलेली. तिचा जन्म त्या ऊसतोडीच्या वर्षांतला.
"ठाऊक नाही," म्हणाले. इतके वाचून हाती एवढेच आहे.
उपाशीपोटी साखर ९६. लिहिली.

२४ ऑगस्ट, केज
नामाची वही मागे मागे चाळत गेले. दोन वर्षांपूर्वी, माझेच टपोरे अक्षर: 'डोळ्यांची वार्षिक तपासणी. आकडे उत्तम, अनावश्यक.' गेल्या वर्षी त्याच महिन्यात नुसते 'अना.'
गेल्या वर्षीचे आठवते. धुतलेले धोतर, इस्त्रीचा सदरा घालून तो लातूरला जायच्या तयारीने माझ्याकडे आला होता. डोळ्यांत थेंब घालून दिवस वाया घालवू नकोस, असे म्हणून बिनसाखरेचा चहा देऊन त्याला परत पाठवले. शिकलेल्या बहिणीचा शब्द, म्हणून गेला.
तेव्हाच लेझरने त्या ठिसूळ वाहिन्या बंद केल्या असत्या तर…

२८ ऑगस्ट, लातूर–केज
डावा डोळाही बिघडला. आत तयार झालेली पातळ साय पडद्याला ओढते आहे. शस्त्रक्रिया केली तर उरलेली नजर टिकेल, किंवा टेबलावरच जाईल. नाही केली तर हळूहळू जाईलच; किती महिन्यांत, सांगता येत नाही. मी विचारले, तुमच्या वडिलांचा डोळा असता तर? डॉक्टर म्हणाले, "मलाही अवघड गेलं असतं, मॅडम."
आज ते उद्धट वाटले नाहीत.
नामा म्हणाला, "अक्का ठरवील." मंगळवारी अकरापर्यंत कळवायचे आहे.
परतीच्या एसटीत त्याला वहीतल्या दोन्ही नोंदी सांगितल्या. तारखा, शब्द, सगळे. चूक माझी, असे स्पष्ट म्हणाले. ओळीने, न अडखळता, जणू प्रबंध सादर करत होते. तो खिडकीकडे तोंड करून ऐकत होता. त्याला बाहेरचे किती दिसत होते, कोण जाणे. केज आले. उतरताना दांडी चाचपत म्हणाला, "सुमनला सांगू नको. ती तुला लई मानती."
एवढेच.

३० ऑगस्ट, युसूफ वडगाव
रविवार. कालपासून इथेच आहे. दोन्ही बाजू लिहून काढल्या, तीनदा. प्रत्येक वेळी उत्तर वेगळे. शस्त्रक्रिया करा म्हणावे, तर त्यात माझी चूक लवकर भरून काढायची घाई दिसते. नको म्हणावे, तर निव्वळ भीती. फक्त त्याच्या डोळ्याचा विचार कुठल्याच बाजूत सापडत नाही.
सकाळी त्यालाच म्हणाले, "तू ठरव. डोळा तुझा आहे."
"माझाच हाय. पर वाचून तू आलीस ना." चिडून म्हणाला की सहज, कळले नाही.
दुपारपासून तो अंगणात डोळे मिटून चालतो आहे. दारापासून गोठ्यापर्यंत, तिथून हौदापर्यंत. दोनदा खुंट्याला ठेचाळला. सुमन म्हणाली, "आत्तापासून कावून?"
"शिकून ठिवतो," म्हणाला.
तिने वाटेतली घमेली उचलली, पिंपही सरकवायला घेतले. तिला एकटीला हलेना, म्हणून मीही उठून हात लावला. तो हौदाशी उभा राहून आम्ही बाजूला होण्याची वाट बघत होता, डोळे मिटलेलेच.
अजून काही ठरलेले नाही.