सराईला दहापैकी किती

प्रिय भिंगरी,

तीन वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र. रीतीप्रमाणे ख्यालीखुशालीने सुरुवात करायला हवी, पण मी ठीक आहे आणि गुडघा ठीक नाही, एवढ्यात ती संपते. कामाचंच बोलतो. तुझ्या त्या राक्षस-चेटकिणींच्या पत्त्यांच्या खेळाची नवी आवृत्ती निघते आहे आणि तिच्यातून तू सराईचं, त्या वाटेवरच्या धर्मशाळेचं, कार्ड काढून टाकणार आहेस, असं मला कळलं. कुठून कळलं ते शेवटी सांगेन. मला ते कार्ड राहायला हवं आहे. का हवं, तेही सांगेन, पण आधी तुझ्या तज्ज्ञांचा समाचार घेऊ दे. इतके दिवस घरात बोलायला कुणी नाही, जीभ गंजायला आली आहे.

खेळांच्या मासिकात त्या तिघा तज्ज्ञांनी सराईला दहापैकी दोन गुण दिलेले मी वाचले. उंटावरचे शहाणे! त्यांचं म्हणणं असं की, सराई मांडायला तीन मशाली खर्चाव्या लागतात आणि तेवढ्याच मशालींत एक राक्षस येतो. राक्षस समोरच्याच्या तटाच्या विटा पाडतो. सराई नुसती बसून राहते. तिच्यात दोघांना जागा. जखमी योद्धा तिथे ठेवायचा, तो एक पाळी लढत नाही आणि पुढच्या पाळीला धडधाकट होऊन परत येतो. डाव सात पाळ्यांत संपतो, म्हणजे सराई फार तर दोन योद्धे वाचवणार, सबब दोन गुण. एका जिवामागे एक गुण! असल्या अकलेला आमच्या बसडेपोत काळं कुत्रं विचारत नव्हतं.

डाव सात पाळ्यांतच का संपतो, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. संपतो, कारण हे महाभाग पहिल्या पाळीपासून हाणामारीला उतरतात. सराई मांडली की डाव अकरा ते तेरा पाळ्या चालतो, मी मोजलेलं आहे. सात पाळ्या धरून सराईची किंमत काढायची म्हणजे चार घासांत ताटावरून उठायचं आणि स्वयंपाकाला चव नव्हती म्हणून सांगत सुटायचं. दुसरी गोष्ट त्यांच्या सात पिढ्यांना सुचणार नाही. समोर सराई असली की खेळणारा बिचकतो. जखमी केलेला गडी परत येणार हे त्याला माहीत असतं, म्हणून तो एकेकाला पुरता संपवायला दोन-दोन राक्षस गुंतवतो आणि तटाच्या विटा जागच्या जागी राहतात. सराईत कुणी नसतं तेव्हाही तिचं काम चालूच असतं. पण हे कार्डावर छापलेलं नाही, आणि छापलेलं नाही ते या लोकांना दिसत नाही.

तुझ्या कामाला भातुकली म्हणणाऱ्या माणसाला हे सगळं कसं ठाऊक, असं तुला वाटेल. वाटू दे.

एकतीस वर्षं मी बसगाड्यांची वेळापत्रकं केली, तू बघितलं आहेस. आमच्या आठ नंबरच्या फलाटावर एक गाडी दिवसभर राखीव उभी असायची. एकदा एक नवे साहेब आले, बूट आरशासारखे आणि डोक्यात उजेड तेवढा कमी. ही गाडी दिवसभर काय करते, असं त्यांनी मला विचारलं. उभी असते, साहेब, मी म्हटलं. त्यांनी ती दुसऱ्या दिवशी मार्गावर काढली. एकोणीस दिवस त्यांचं कौतुक चाललं होतं. विसाव्या दिवशी पुलावर एका गाडीचा आस तुटला. तिच्या जागी पाठवायला काही नाही, मागच्या सहा फेऱ्या अडकल्या, आणि शाळा सुटलेली पोरं दिवेलागणीपर्यंत थांब्यावर उभी राहिली. साहेबांनी शेरा मारला, वेळापत्रक सदोष. नाचता येईना, अंगण वाकडं. मासिकातले ते तिघे त्याच साहेबांचे चुलतभाऊ असावेत.

पण माझी अक्कल तरी काय मोठी? तू या कामासाठी घर सोडायचं म्हणालीस, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तुला म्हणालो होतो, बुटके आणि चेटकिणी रंगवून कुणाचं भलं झालंय, सहा महिन्यांत परत येशील. तू ताट तसंच ठेवून गेलीस आणि आली नाहीस. आई गेली तेव्हा दोन दिवस आलीस, बाहेरच्या खोलीत बसलीस, मी आतल्या खोलीत. आपण दोघं बोललो ते फक्त कपाटाच्या किल्ल्यांबद्दल. मग मासिकात तुझी मुलाखत वाचली. खेळ बाजारात येण्याआधी तो खेळून बघणारे तुमचे परीक्षक म्हणे टोपणनावाने अहवाल पाठवतात, त्यांचे पत्ते पाकिटं पाठवणाऱ्या विभागाकडे असतात, आणि कोण कुठला ते तुलाही कळत नाही. त्यातली कुणी ‘सराईवाली’ तुझी सगळ्यात भरवशाची. तिच्या शब्दावर तू पहिल्या आवृत्तीत सराई ठेवलीस. एका अनोळखी बाईवर एवढा विश्वास! आम्ही घरचे, आम्हाला कपाटाच्या किल्ल्या.

तुझ्या आईचं सांगायचं राहिलं. तू गेल्यावर दोन महिन्यांनी ती तुझ्या खेळाचा डबा घेऊन आली. शिवणाच्या दुकानातून चारला यायची, खिडकीशी घडीचं टेबल उघडायची आणि मला बसवायची. मी बसायचो ते उपकार केल्यासारखा. या वयात दाढीवाल्या बुटक्यांशी खेळायचं का, असं रोज एकदा म्हटल्याशिवाय मी पत्ते हातात घेत नसे. नियमांची पुस्तिका तिनेच वाचली, मी चष्मासुद्धा काढला नाही. सराई आमच्याकडे टेबलाच्या मधोमध असायची. माझी समजूत अशी की ती ज्याने मांडली त्याची नाही, दोघांची. तीन मशाली कुणीही द्याव्यात, आत कुणीही जावं. आता यातली मेख बघ. जो मांडतो तो तीन मशालींनी मागे पडतो, आणि फायदा दोघांना. मग शहाण्याने काय करावं? वाट बघावी. मी पहिल्या आठवड्यातच ते ओळखलं आणि स्वतःवर खूश झालो. सव्वा वर्षात मी एकदाही सराई मांडली नाही. कार्ड माझ्या हातात असलं तरी दाबून ठेवायचो, कारण चौथ्या-पाचव्या पाळीला ती मांडणारच. मांडली की माझे दोन जखमी आधी आत, आणि तिचा तिरंदाज दाराबाहेर. आयत्या बिळावर नागोबा! ती बहुतेक डाव हरायची आणि मी तिला डावपेच शिकवायचो. दुखणं वाढल्यावर ती उशीला टेकून खेळायची, तेव्हासुद्धा शिकवायचो.

ती गेल्यावर डबा आवरताना मी पहिल्यांदा पुस्तिका उघडली. सराईच्या पानावर तुझ्या कंपनीने स्वच्छ छापलं आहे की, तिचा उपयोग फक्त ती मांडणाऱ्यालाच करता येईल. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. कापडावर खूण करायची तिची ती जाड पेन्सिल, मी ओळखणार नाही का? म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एका शब्दाने मला अडवता आलं असतं आणि प्रत्येक डाव जिंकता आला असता. लाज वाटली. त्या तिघांना नावं ठेवतो, पण त्यांनी निदान स्वतःच्या मशालींवर मूर्खपणा केला.

तेव्हा आता खरं मत देतो. वरच्या अकरा ते तेरा पाळ्या आमच्या घरच्या नियमाच्या आहेत. तुझ्या छापील नियमाने मी दोन्ही हात स्वतः खेळून पाहिले. डाव नऊच्या पुढे जात नाही आणि कार्ड चार गुणांच्या वर नाही. ते शहाणे अर्धे बरोबर आहेत, हे लिहिताना माझा हात दुखतो. पण कार्ड काढू नकोस, नियम बदल. सराई दोघांची कर. मग मांडायची कुणी, या एका प्रश्नावर माणसं डोकी खाजवत बसतील. ज्याला ती मांडावीशी वाटते तो हरेल का, याचं उत्तर मला सव्वा वर्ष खेळूनही नीट सापडलं नाही, आणि असा प्रश्न तुझ्या बाकीच्या सगळ्या राक्षसांत मिळून नाही.

आता कुठून कळलं ते. तुझं पत्र माझ्यासमोर आहे. ते तू मला लिहिलेलं नाहीस, सराईवालीला लिहिलं आहेस. तुमच्या त्या पाकिटांच्या विभागामार्फत शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं, मालकीणबाईंनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाठवलं. वर्षभरात तुमचे अहवाल फार कडवट झालेत, तब्येत बरी आहे ना, असं विचारलं आहेस. सराई काढायचं ठरतंय, तुमचं शेवटचं मत आणि दहापैकी गुण कळवा, असं म्हटलं आहेस. नव्या आवृत्तीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत तिची खुर्ची राखून ठेवली आहेस. सराईवाली येणार नाही, भिंगरी. तिला निरोप द्यायलाच तू दोन दिवस आली होतीस. तो डबाही तिला परीक्षक म्हणूनच आला होता; अहवाल ती सांगायची आणि मी डेपोतून मोडीत काढलेल्या टाइपरायटरवर उतरवून घ्यायचो; अहवालांतलं ते टाइपाचं अक्षर तू पहिल्या ओळीत ओळखलं असतंस, म्हणून हे पत्र हाताने लिहिलं. तुझ्याशी बोलायचं नाही अशी अट मी घातली होती, तिने अट पाळली आणि वाट काढली. गेल्या चौदा महिन्यांतले कडवट अहवाल माझे आहेत. ती गेली असं कळवलं असतं तर पाकिटं बंद झाली असती आणि तुझ्या हातचं काहीच या घरात आलं नसतं, म्हणून कळवलं नाही. परवा घरच्या नियमाने एकटाच दोन्ही हात खेळताना सराई माझ्या हातात आली. तीन मशाली दिल्या आणि मधोमध मांडली. पहिल्यांदाच. खुर्चीवर माझा हक्क नाही, पण तू म्हणशील तर येईन, मागे उभा राहीन. गुणांचं म्हणशील तर तिने नऊ दिले होते आणि मी ते बदलत नाही. एक गुण का कापला, ते मी टाइप करताना विचारलं होतं. आत दोघांनाच जागा आहे म्हणून, ती म्हणाली, तिघांना हवी होती. दोघांच्या खेळात तिसरं कोण, असं म्हणून मी तेव्हा तिला हसलो होतो.

तुझाच,
बाबा